रेडिओच्या फिल्टरने आवाज कसा बदलतो : कोकण किनाऱ्यावरच्या नव्या श्रोत्यांसाठी

नवा रेडिओ घेतला की बँडविड्थचं बटण, म्हणजे लहरींचा किती रुंद पट्टा आत घ्यायचा हे ठरवणाऱ्या फिल्टरचं बटण, दाबल्यावर आवाज बदलतो हे पहिल्याच दिवशी कळतं. नेमकं काय बदललं आणि आत्ता लावलेल्या केंद्राला कुठली रुंदी बरी, हे मात्र कुणी सांगत नाही. मग होतं असं की सगळ्यात अरुंद फिल्टरवर खरखर कमी वाटते म्हणून रेडिओ कायमचा तिथेच ठेवला जातो. खरखरीबरोबर बोलणाऱ्याची निम्मी अक्षरं गेलेली असतात, आणि आपण दोष देतो केंद्राला नाहीतर एरियलला.

हे शिकायला कोकणासारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्हची लहर जांभ्याच्या सड्यावरून जाते त्यापेक्षा कितीतरी लांब जाते, त्यामुळे किनाऱ्यावर दिवसाही दूरची केंद्रं मिळतात. सूर्य मावळला की समुद्रापलीकडची केंद्रं येऊन मिसळतात आणि डायलवर दाटी होते. मे महिन्यात विजा, थंडीत खांबांवरच्या मिठाची गुरगुर, वेंगुर्ल्याहून जहाजांसाठी जाणारे संदेश, उन्हाळ्यात अरबी समुद्र ओलांडून येणारे एफएम. फिल्टरचा प्रत्येक धडा शिकवणारा सिग्नल इथे घरबसल्या मिळतो.

मला सांगायची ती एकच गोष्ट अशी : फिल्टर सिग्नलच्या रुंदीप्रमाणे निवडायचा. सुरुवात रुंद फिल्टरने करायची आणि गरज असेल तेवढंच अरुंद व्हायचं.

आधी थोडी रुंदीची ओळख

डायलवर केंद्राचा एक आकडा दिसतो, पण सिग्नल त्या एका रेघेवर नसतो. रत्नागिरी आकाशवाणीचं मीडियम वेव्ह ११४३ किलोहर्ट्झचं. तिथे मधोमध असतो वाहक, म्हणजे कॅरिअर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आवाज वाहून नेणारे दोन पट्टे, साइडबँड. दोन्हींत तोच आवाज असतो. निवेदकाच्या आवाजात ४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर असतील, तर सिग्नल ११३९ ते ११४७ एवढी जागा घेतो. म्हणून एएमचं गणित सोपं आहे : फिल्टरची रुंदी भागिले दोन, तेवढ्या उंचीपर्यंतचे स्वर ऐकू येणार. ६ किलोहर्ट्झचा फिल्टर म्हणजे ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज.

आपल्या भागात मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. ११४३ चे शेजारी ११३४ आणि ११५२. अमेरिकेत हेच अंतर १० आहे, म्हणून रेडिओच्या सेटिंगमध्ये ९ आणि १० असा पर्याय असतो. तो ९ वर आहे ना, ते आधी बघून घ्या.

हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, वापरतात त्या एसएसबीत (सिंगल साइडबँड) वाहक आणि एक साइडबँड काढून टाकलेला असतो, त्यामुळे बोलणं २.४ ते ३ किलोहर्ट्झमध्ये मावतं. मोर्सला शे-दीडशे हर्ट्झ पुरतात. एफएम प्रसारणाला दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते.

खरखर सगळीकडे सारखी पसरलेली असते. रुंदी निम्मी केली की आत येणारी खरखर निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबल. २.४ किलोहर्ट्झवरून ५०० हर्ट्झवर आलं तर जवळजवळ ७ डेसिबलचा फायदा. पण सिग्नल स्वतःच २.४ रुंद असेल, तर त्याचाही मोठा भाग बाहेर राहिला.

खोक्यावर न लिहिलेली आणखी एक बाब म्हणजे कडा. दोन रेडिओंवर ‘४ किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असलं तरी ते सारखे ऐकू येतील असं नाही. एकाच्या कडा उभ्या असतील, दुसऱ्याच्या उतरत्या. ६ डेसिबल खाली रुंदी किती आणि ६० डेसिबल खाली किती, या दोहोंचं गुणोत्तर बघतात. ते एकच्या जितकं जवळ, तितक्या कडा उभ्या. स्वस्त रेडिओत उतार लांबवर पसरलेला असतो आणि शेजारचं जोरदार केंद्र त्या उतारावरून आत शिरतं.

पायरी पहिली : कान मोकळे करा

हेडफोन लावा, साधे चालतील. रेडिओच्या छोट्या स्पीकरमध्ये फिल्टरचा निम्मा फरक ऐकूच येत नाही. टोनचं बटण मधोमध ठेवा, आवाज सुधारणारं ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करत जा आणि कोणता बंद केल्यावर खरखर कमी झाली ते लिहून ठेवा. घरातच तयार होणारी खरखर फिल्टरने काढायला जाऊ नका, ती उगमापाशी बंद होते.

दुपारची वेळ घ्या. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीच्या आणि पाण्याच्या पृष्ठभागावरूनच येते, रात्रीसारखी आकाशातून परतणारी लांबची केंद्रं मध्ये येत नाहीत. तुमच्याकडे स्वच्छ लागणारं कुठलंही एक केंद्र निवडा.

पायरी दुसरी : काय हरवतं ते ऐका

या पायरीला वेळ द्या, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

सर्वांत रुंद फिल्टर लावा. अनेक हातातल्या रेडिओंवर मीडियम वेव्हला ९ किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं. एखादा अभंग लागलेला असेल तर फारच उत्तम. आता बटण दाबत एकेक पाऊल अरुंद या. आधी जाते झांजेची वरची किणकिण. ५ किलोहर्ट्झला झांज आहे हे कळतं, पण ती धातूची वाटत नाही. ३.५ ला झांज जवळजवळ गेली, पेटीची धार बोथट झाली, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येईनासा झाला. २.५ ला पखवाजाची थाप आणि गळ्याचा खालचा भाग एवढंच राहतं. पखवाजाच्या थापेला कुठल्याही फिल्टरने धक्का लागत नाही, हेही नोंदवून ठेवा. अरुंद फिल्टरवर आवाज ‘भारदस्त’ वाटतो तो त्यामुळेच. खालचं काही वाढलेलं नसतं, फक्त वरचं गेलेलं असतं.

मग बातम्या ऐका. स, श, च, फ यांची फुसफुस बहुतांशी ३-४ किलोहर्ट्झच्या वर असते, म्हणून ही अक्षरं आधी एकमेकांसारखी होतात. स्वरांचं जरा वेगळं आहे. ‘ई’ आणि ‘ऊ’ या दोन्हींचा खालचा नाद ३०० हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ सारखाच असतो. ‘ई’ला ‘ई’ बनवणारा नाद त्याच्या बराच वर, २२०० हर्ट्झच्या जवळपास असतो. २.५ किलोहर्ट्झच्या फिल्टरवर आवाज पोहोचतो १२५० पर्यंत, म्हणजे तो वरचा नाद बाहेरच राहिला. अशा वेळी ‘मीठ’ आणि ‘मूठ’ कानाला सारखेच ऐकू येऊ शकतात. वाक्याच्या ओघात मेंदू ते भरून काढतो, पण गावांची नावं, आकडे आणि माणसांची आडनावं अशा वेळी हमखास चुकतात. टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा बोलण्यासाठी पुरेसा मानला गेला. एएमवर तितकं हवं असेल तर जवळजवळ ७ किलोहर्ट्झचा फिल्टर लागेल.

हाच प्रयोग आणखी नेमका करायचा असेल तर १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र शोधा. संध्याकाळनंतर आपल्याकडे ते बऱ्याचदा मिळतं. दर सेकंदाला १ किलोहर्ट्झच्या स्वराचा, १० मिलिसेकंदांचा एक ठोका पडतो. एएमवर ६ किलोहर्ट्झच्या फिल्टरने तो कडक ‘टिक’ असा येतो. २.५ वर मऊ होतो. एटीएस-२५ सारख्या रेडिओवर एएमला १ किलोहर्ट्झचाही फिल्टर असतो. तो लावा, आवाज ५०० हर्ट्झपर्यंतच उरतो आणि ठोका जवळजवळ नाहीसा होतो. सिग्नल दाखवणारी पट्टी मात्र तसूभर हलत नाही, कारण वाहक अजून फिल्टरच्या आतच आहे. मीटर भरलेला आणि कानाला काहीच नाही, हे एकदा स्वतः ऐकलं की मीटरकडे बघून फिल्टर निवडायची सवय सुटते.

पायरी तिसरी : रात्रीची दाटी आणि बाजूला सरकणं

सूर्यास्तानंतर तेच केंद्र पुन्हा लावा. दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणाचा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं परावर्तित होऊन येतात. रुंद फिल्टरवर आता तीन गोष्टी ऐकू येतील. एक बारीक सततची शिट्टी : शेजारच्या वाहकाशी आपल्या वाहकाची टक्कर, ९ किलोहर्ट्झची. ती तरुण कानांना जास्त टोचते. दुसरी, शेजारच्याच्या साइडबँडची उलटीपालटी कचकच, बोलणं असल्याचं कळतं पण एक शब्द लागत नाही. तिसरी, कधी कधी, पंख्यासारखी एकसारखी सूं. ती डिजिटल प्रसारणाची, डीआरएमची असू शकते. साध्या रेडिओवर डीआरएम निव्वळ खरखर म्हणूनच ऐकू येतं आणि ते नव्या माणसाला रेडिओ बिघडल्यासारखं वाटतं.

९ वरून ५ किंवा ६ वर या. शिट्टी जाईल, कचकच बरीच कमी होईल. बहुतेक रात्री एवढं पुरतं. पुरत नसेल तर लगेच २.५ वर उडी मारू नका, बाजूला सरका.

समजा ११४३ ऐकताय आणि ११५२ चा त्रास होतोय. फिल्टर ३.५ वर घ्या आणि डायल ११४१.५ वर आणा. फिल्टरची खिडकी आता ११३९.७५ ते ११४३.२५ अशी झाली. वाहक तिच्या वरच्या कडेवर, आणि खालचा साइडबँड सव्वातीन किलोहर्ट्झपर्यंत सबंध आत. म्हणजे ३.५ च्या फिल्टरमधून तुम्हाला ६.५ च्या फिल्टरइतके स्पष्ट शब्द मिळाले, आणि ११५२ आणखी दीड किलोहर्ट्झ लांब गेला. दोन्ही साइडबँडमध्ये तोच आवाज असतो, म्हणून हे जमतं. रेडिओ एकेका किलोहर्ट्झनेच सरकत असेल तर ११४२ वर ठेवा, पावणेतीनपर्यंतचा आवाज मिळेल. सांभाळायचं एवढंच की वाहक खिडकीबाहेर जाता कामा नये. तो निसटला की आवाज फाटतो, घोगरा आणि चिरका होतो. तसं झालं की अर्धा किलोहर्ट्झ मागे या.

वरच्या आणि खालच्या बाजूला सरकून दोन्हीकडचं ऐकायची सवय लावा. एका बाजूला शेजारी असतो, दुसरीकडे बऱ्याचदा मोकळं असतं. ज्यांच्या रेडिओत एसएसबी आहे त्यांनी एएम केंद्र एलएसबी (खालचा साइडबँड) किंवा यूएसबीवर (वरचा साइडबँड) लावून पाहावं. वाहकाची शिट्टी शून्यावर येईपर्यंत बारीक ट्यूनिंग फिरवायचं. रात्री सिग्नल वरखाली होताना एएमवर येणारी फाटाफूट त्यात बरीच कमी होते, आणि शेजारी नसलेली बाजूही निवडता येते.

पायरी चौथी : एसएसबी

सकाळी ७१०० किलोहर्ट्झच्या आसपास, एलएसबीवर, भारतातले हॅम बोलताना सापडतात. ऐकायला हरकत नाही. बोलायचं असेल तर परीक्षा आणि परवाना लागतो.

इथे भागिले दोनचं गणित लागू नाही. २.२ चा फिल्टर म्हणजे सरळ २.२ किलोहर्ट्झचा आवाज. ३ पासून सुरुवात करा. आवाज मोकळा वाटेल. २.२ वर तो जरा आवळला जातो पण शब्द सगळे लागतात, गर्दीच्या वेळी माझी पसंती हीच. १.२ वर आलात की पुरुषाचा आवाज जाड आणि मुका होतो. अशा वेळी ट्यूनिंग शे-दोनशे हर्ट्झ असं हलवा की आवाजाची पट्टी थोडी खाली उतरेल. बोलणारा आणखी जरा जाड आवाजाचा वाटेल, पण अक्षरांची ओळख ज्या १ ते २.५ किलोहर्ट्झच्या भागात आहे त्यातला थोडा हिस्सा खिडकीत परत येतो. महागड्या रिसीव्हरवर यासाठी ‘पासबँड ट्यूनिंग’ किंवा ‘आयएफ शिफ्ट’ नावाचं वेगळं बटण असतं. त्याने आवाजाची पट्टी न बदलता खिडकी सरकते.

या बँडवर कधी कधी तुम्ही ऐकताय तो आवाज सतत दबतो आणि वर येतो, पण दबण्याचं कारण कानाला ऐकूच येत नाही. अशा वेळी शेजारचा एखादा जोरदार सिग्नल फिल्टरच्या आत, मात्र कानाच्या बाहेर असतो, आणि रेडिओचं स्वयंचलित नियंत्रण, एजीसी, त्याच्या तालावर आवाज खाली ओढतं. हेडफोनपाशी लावलेला ऑडिओ फिल्टर त्यावर उपाय नाही, कारण एजीसी त्याच्या आधीच काम करून मोकळं होतं. फिल्टर आयएफमध्ये, म्हणजे रेडिओच्या मधल्या टप्प्यात, एजीसीच्या अलीकडे अरुंद करावा लागतो.

घरी एसएसबीचा रेडिओ नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवता येणारा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा. तिथे फिल्टरच्या दोन्ही कडा माउसने ओढता येतात आणि फरक त्या क्षणी ऐकू येतो. वरची कड ओढली तर काय जातं, खालची ओढली तर काय, हे वेगवेगळं ऐकायला याहून चांगलं साधन नाही, आणि ते फुकट आहे.

पायरी पाचवी : मोर्स, आणि अरुंदपणाची किंमत

७००० ते ७०३० किलोहर्ट्झच्या दरम्यान मोर्स शोधा. २.२ च्या फिल्टरवर एकाच वेळी चार-पाच सूर ऐकू येतील. ५०० हर्ट्झवर या, एखाद-दुसराच उरेल. इथवर सगळा फायदाच आहे.

आता आणखी अरुंद जा, २०० किंवा १००. वेबएसडीआरवर किंवा संगणकाला जोडलेल्या, सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरवर (एसडीआर) ५० सुद्धा करता येतं. खरखरीचं रूप पालटतं. ती खरखर राहत नाही, तिला स्वर येतो, पोकळ, घुमणारा, आणि तोही नेमका तुमच्या मोर्सच्या पट्टीचा. याचं कारण साधं आहे. पितळी कळशीवर टिचकी मारली की ती स्वतःच्या सुरात घुमत राहते, टिचकी कशाचीही असो. अरुंद फिल्टर तसाच घुमतो. जितका अरुंद आणि जितक्या कडा उभ्या, तितका वेळ घुमतो.

५०० हर्ट्झच्या फिल्टरला एखादा स्वर चढायला-उतरायला साधारण २ मिलिसेकंद लागतात, ५० हर्ट्झच्या फिल्टरला २०. मिनिटाला २० शब्दांच्या मोर्समध्ये एक टिंब ६० मिलिसेकंदांचं असतं. त्यातले सुरुवातीचे २० चढण्यात आणि संपल्यावरचे २० विझण्यात गेले की टिंबांमधल्या फटी बुजतात. कानाला ते पाण्याखाली वाजवल्यासारखं लागतं आणि वेगवान मोर्स वाचताच येत नाही. काही रिसीव्हरवर फिल्टरच्या कडा ‘सॉफ्ट’ आणि ‘शार्प’ अशा निवडता येतात. एकट्या अशक्त सिग्नलला सॉफ्ट लावा, तो कमी घुमतो. शेजारी जोरदार कुणी असेल तरच शार्प.

शिवाय आपला कानही फिल्टरच आहे. ६०० हर्ट्झच्या आसपास कान साधारण ९० हर्ट्झच्या पट्ट्यातलंच एकत्र ऐकतो, त्याबाहेरची खरखर मेंदू आपोआप वेगळी काढतो. त्यामुळे नुसती खरखर असेल आणि शेजारी कुणी नसेल, तर ५०० वरून १०० वर येऊन शब्द फारसे वाढत नाहीत. तासन्‌तास ऐकताना डोकं कमी शिणतं, हा फायदा मात्र खरा आहे. मी २५० च्या खाली क्वचितच जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. ७०७४ आणि १४०७४ किलोहर्ट्झवरचं एफटी-८, म्हणजे हॅम मंडळींचे डिजिटल संदेश, संगणकाने ऐकायचं असतं. त्यातला एकेक सिग्नल ५० हर्ट्झचा, पण शेजारी-शेजारी कितीतरी जण असतात आणि वेगळं करण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. तिथे रेडिओ ३ किलोहर्ट्झवर उघडा ठेवायचा. अरुंद केलात तर काठावरचे सगळे गेले.

पायरी सहावी : वेंगुर्ल्याचा नॅव्हटेक्स

हा आपल्या किनाऱ्याचा स्वतःचा धडा. भारताच्या नॅव्हटेक्स साखळीतलं एक केंद्र वेंगुर्ला पॉइंटवर आहे. ५१८ किलोहर्ट्झवरून जहाजांना वादळाचे इशारे, मार्गातले धोके आणि शोध-बचावाचे संदेश जातात. केंद्राचं ओळख-अक्षर ‘जे’. दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी : आपल्या घड्याळाने पहाटे ३, सकाळी ७ आणि ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११.

ऐकायला ते दोन स्वरांमध्ये भरभर चाललेलं किलबिलणं वाटतं. दोन स्वरांत १७० हर्ट्झचं अंतर, सेकंदाला १०० चिन्हं, आणि सिग्नलची एकूण जागा साधारण ३०० हर्ट्झ. यूएसबीवर डायल ५१७ ला ठेवलीत तर दोन स्वर ९१५ आणि १०८५ हर्ट्झवर पडतात. फिल्टरचा मध्य दुसरीकडे असेल तर डायल थोडी हलवून स्वर त्या मध्यावर आणा. मोबाइलवर किंवा संगणकावर नॅव्हटेक्स वाचणारं सॉफ्टवेअर लावा आणि फिल्टर बदलत अक्षरं बघा.

३ किलोहर्ट्झवर मजकूर येतो, पण मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाची घरघर आत येऊन मधली अक्षरं खाते. ५०० हर्ट्झवर तो सर्वांत स्वच्छ निघतो. २०० वर किलबिलणं कानाला गोड वाटतं आणि पडद्यावरची अक्षरं बिघडू लागतात, कारण सिग्नलच्याच दोन्ही कडा कापल्या गेल्या. कानाला बरं वाटणं आणि मजकूर बरोबर येणं या दोन गोष्टी इथे डोळ्यांसमोर वेगळ्या होतात. संदेशाची सुरुवात झेडसीझेडसी या अक्षरांनी होते आणि पाठोपाठच्या चार खुणांपैकी पहिली ‘जे’ असली की तो वेंगुर्ल्याचा.

रेडिओ विकत घेण्याआधी एक तपासा : काही छोट्या रेडिओंत लाँगवेव्ह संपते आणि मीडियम वेव्ह सुरू होते त्यांच्या मधोमध ही जागा सुटलेली असते.

पायरी सातवी : विजा आणि मिठाची गुरगुर

मे महिन्याच्या संध्याकाळी सह्याद्रीकडून ढग भरून आले की शॉर्टवेव्हवर कडाड्-खस असे आवाज सुरू होतात. प्रत्येक कडाडा अगदी थोड्या वेळाचा, पण अरुंद फिल्टरमधून तो लांबतो आणि घुमतो. म्हणून विजांच्या वेळी फिल्टर थोडा रुंद करा. कडाडा टोकदार होईल, पण चटकन संपेल आणि मधले शब्द सुटतील. एजीसी ‘फास्ट’वर ठेवा, नाहीतर प्रत्येक कडाड्यानंतर रेडिओ क्षणभर बहिरा होतो. ढग जवळ आले की बाहेरची एरियल काढून टाका आणि ऐकणं थांबवा.

थंडीतली तक्रार निराळी. पाऊस संपला की खाऱ्या वाऱ्याने विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. दवाने तो ओला झाला की बारीक ठिणग्या उडतात आणि रेडिओवर सेकंदाला १०० ठोक्यांची गुरगुर येते. दोन ठोक्यांत १० मिलिसेकंदांचं अंतर. ५०० हर्ट्झच्या फिल्टरमधून एक ठोका २ मिलिसेकंदांत विझतो, मध्ये ८ मिलिसेकंद शांतता मिळते आणि कान तेवढ्यात सिग्नल पकडतो. १०० हर्ट्झच्या फिल्टरमधून ठोका पुढच्या ठोक्यापर्यंत घुमत राहतो, फट उरतच नाही, आणि गुरगुरीचा एक सलग सूर बनतो. अरुंद केल्यावर त्रास वाढतो तो असा.

नॉइज ब्लँकर, म्हणजे असे ठोके कापून टाकणारी सोय, असेल तर तो याच गुरगुरीवर चांगला चालतो, विजांवर तितका नाही. पण तो फिल्टरच्या आधी बसलेला हवा, कारण ठोका टोकदार असेपर्यंतच त्याला कापता येतो. पहिल्या जोरदार पावसात इन्सुलेटर धुतले जातात आणि बँड एका रात्रीत शांत होतो.

पायरी आठवी : एफएमवर उलटा न्याय

उन्हाळ्याच्या महिन्यांत अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर थंड दमट हवेवर बसतो आणि त्या दोहोंच्या सांध्यातून एफएमच्या लहरी क्षितिजापलीकडे वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर या दिवसांत अरबस्तानचा किनारा दिसत असे, इतकी ही वाट लांबची आहे. देवगड, विजयदुर्ग, हर्णैच्या बाजूला उंच सड्यावर बसलात तर संध्याकाळी अनोळखी भाषांतली एफएम केंद्रं मिळण्याची शक्यता असते.

ती स्थानिक केंद्राच्या अगदी शेजारी, १०० किलोहर्ट्झवरही येऊ शकतात. अरुंद फिल्टर इथे लागतोच. टीईएफ-६६८६ या चिपच्या रेडिओंवर ५६ ते ३११ किलोहर्ट्झपर्यंत पायऱ्या मिळतात. पण एफएममध्ये आवाज लहरीच्या डोलण्यात असतो : जितका मोठा आवाज तितकं लांब डोलणं, प्रसारणात दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत. म्हणून अरुंद फिल्टरने इथे झांज आणि ‘स’ हळूहळू मंद होत जात नाहीत. हळू बोलणं नीट येतं आणि जोराचा भाग फाटतो, ढोल वाजला की तडतड येते, जोरात म्हटलेला ‘स’ चिरतो. आधी मोनो करा, स्टीरिओला जास्त रुंदी लागते. मग १५० च्या आसपास, आणि गरज पडली तर ११४ किंवा ९७. केंद्राचं नाव ओळखण्यापुरतं ५६ वर जाऊन यायला हरकत नाही, गाणं ऐकायला तिथे थांबू नका.

जुना रेडिओ असेल तर

घरात आजोबांचा वाल्व्हचा किंवा जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्यात बँडविड्थचं बटण नसतं. बहुतेकांत ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफ कॉइल हाच फिल्टर. दमट खाऱ्या हवेत त्यांचे डबे आणि जोड हिरवे पडतात आणि जुळणी ढळते. तपासायची रीत सोपी : दुपारी एका जोरदार केंद्रावरून सुई हळूहळू पलीकडे न्या, मग अलीकडे आणा. दोन्हीकडे आवाज सारख्याच पद्धतीने चिरका होत जात असेल तर जुळणी ठीक. एका बाजूला लगेच चिरका आणि दुसऱ्या बाजूला लांबपर्यंत कोंदट राहत असेल, तर खिडकी एका अंगाला कलली आहे. आतले स्क्रू अंदाजाने फिरवू नका. सिग्नल जनरेटर असलेल्या कारागिराकडूनच जुळवून घ्या, आणि कॉइलच्या टोप्या उघडण्याआधी जोडांवरचं हिरवं साफ करायला सांगा. नंतरच्या सेटमध्ये मुराताचे सिरॅमिक फिल्टर असतील तर शेवटचं अक्षर वाचा : सीएफडब्ल्यू-४५५ एच म्हणजे ६ किलोहर्ट्झ, आय म्हणजे ४. बातम्या आणि गाणी दोन्ही ऐकणाऱ्याने एच ठेवावा. आय बसवायचा तो रात्री दूरची केंद्रं शोधणाऱ्याने, आणि बसवल्यावर वर सांगितलेलं बाजूला सरकणं त्याला रोजच करावं लागेल.